तारप्याचा फेर आणि दाविदाचे नृत्य

वाचन : २ शमुवेल ६:१२-२३



डहाणू तालुक्यातील वारली मुलांच्या वसतिगृहात मी शिकवू लागलो, त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. नाताळासाठी एका मुलाला भिंत रंगवायला दिली. त्याने गव्हाणी काढली आणि तिच्याभोवती तारपा नाच. “हा नाच इथे नको,” असे म्हणून मी तो पुसायला लावला. मुलाने निमूटपणे पुसला.

पुढे त्याच्या घरी गेलो, तेव्हा ते चित्र मी वाचायला शिकलो. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे धड. मधोमध तारपा वाजवणारा. सुका भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांचे ते वाद्य. त्याच्याभोवती कमरेत हात गुंफलेली माणसे शंखाच्या वळणासारखी फिरत जातात. फेराचे बाहेरचे टोक मोकळेच असते. मी कारण विचारले. त्याची आजी म्हणाली, “मागून येणाऱ्यानं हात कुठं धरायचा?”

पूर्वी ही चित्रे मुख्यतः लग्नघरी सुवासिनी काढत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदा-कापडावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी मात्र ती पुसायला सांगत होतो.

त्या रात्री शमुवेलाचे पुस्तक उघडले. परमेश्वराच्या कोशापुढे दावीद नाचत होता आणि मीखल खिडकीतून पाहत होती. तिला नाच दिसला, आनंद दिसला नाही. मीही खिडकीतच उभा होतो. निर्गम ३२ मध्ये वासरापुढेही लोक नाचतात. म्हणून प्रश्न नाचाचा नाही, मध्यभागी कोण आहे याचा आहे. त्या मुलाने तारपेवाल्याच्या जागी गव्हाणी ठेवली होती. धडा त्याला कळला होता, शिक्षकाला नव्हे.

पुढच्या नाताळापूर्वी मी त्याची क्षमा मागितली आणि तीच भिंत त्याला पुन्हा सारवून दिली.

मननासाठी : ज्यांची आपण सेवा करतो, त्यांच्याकडे आपण खिडकीतून पाहतो की फेरात जाऊन त्यांचा हात धरतो?

प्रार्थना : हे प्रभू, तू मध्यभागी राहा, आणि आमच्या फेराचे टोक मोकळे ठेव. आमेन.