प्रसूती रजा कधीपासून घ्यावी? गरोदर शिक्षिकेसाठी हिशेबाचा पाठ

या पाठात आपण काय शिकणार आहोत?
• काम थांबवण्याची तारीख ठरवताना कोणत्या तीन गोष्टी पाहाव्यात
• प्रसूतीआधी घेतलेल्या रजेचा प्रसूतीनंतरच्या रजेवर काय परिणाम होतो
• राजीनामा आणि रजा यांत पैशाचा किती फरक पडतो
• पगाराला उशीर झाला तर घर चालावे म्हणून किती शिल्लक हवी

दिवस गेल्याचे कळले की घरात सल्ल्यांना तोटा नसतो. सासूबाई म्हणतात, सातव्यात घरी बस. आई म्हणते, पहिले बाळंतपण माहेरी. मुख्याध्यापक विचारतात, "परीक्षेपर्यंत थांबाल ना?" आणि शिक्षिका स्वतः मनाशी म्हणते, वर्ष संपले की राजीनामा देऊन टाकू, नंतर पाहू. यातला प्रत्येक सल्ला आपुलकीचा असेल; पण त्यात हिशेब नसतो. हा निर्णय सहा महिन्यांच्या पगाराचा आणि काही वर्षांच्या नोकरीचा आहे. म्हणून तो कागद-पेन घेऊन करावा.

पहिली गोष्ट : डॉक्टरांचे मत

सर्वांत आधी डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारा. "मी काम करू का?" एवढे पुरत नाही. आपला दिवस कसा जातो ते सांगा: रोज किती तासिका उभ्याने घेता, वर्ग कितव्या मजल्यावर आहे, बसचा प्रवास किती, वह्यांचे गठ्ठे उचलावे लागतात का. रक्तदाब वाढलेला असेल, रक्तस्राव झाला असेल, जुळी असतील किंवा आधीची प्रसूती वेळेआधी झाली असेल, तर डॉक्टर लवकर थांबायला सांगू शकतात. शाळेत कांजिण्या किंवा रुबेलाची साथ दिसली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा. मुलांच्या सहवासात असणाऱ्या गरोदर स्त्रीसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

डॉक्टरांनी "थांबा" म्हटले तर तारखेचा वाद तेथेच संपतो. मग पैशाची सोय कशी करायची एवढाच प्रश्न उरतो. डॉक्टरांनी "हरकत नाही" म्हटले, तरच पुढचा हिशेब करायचा.

काम चालू ठेवणे आणि थांबणे यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे, ती अनेकींना माहीत नसते. अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतही काम चालू असेल तर तो काळ, एवढ्या मुदतीत गरोदर स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा बराच वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही, असे कायदा सांगतो. म्हणजे साधारण अडीच महिने आधीपासून तळमजल्यावरचा वर्ग, बसून शिकवण्याची सोय, मैदानावरच्या कामातून सूट हे मागता येते. विनंती मात्र आपण करायची आहे, आणि ती लेखी करावी.

दुसरी गोष्ट : कायद्याने मिळणारे आठवडे

मातृत्व लाभ कायदा १९६१ सालचा. त्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. याच तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्येही आहेत. मुख्य मुद्दे असे:

• पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे. त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात.
• दोन किंवा अधिक हयात अपत्ये असतील तर १२ आठवडे. त्यांपैकी आधी जास्तीत जास्त ६.
• अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या संस्थेत किमान ८० दिवस काम झालेले असावे.
• प्रसूतीनंतरचे ६ आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास मनाई आहे.
• प्रसूतीआधीच्या रजेचा पगार गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेला पगार प्रसूतीचा दाखला दिल्यावर ४८ तासांत द्यायचा असतो.
• संस्थेने प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची वैद्यकीय सेवा मोफत दिली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस मिळतो.
• गरोदरपण किंवा प्रसूतीमुळे आजारपण आले तर दाखल्यावर आणखी एक महिना पगारी रजा मिळू शकते.

सरकारी शाळेत सेवानियम लागू असतात. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. त्याशिवाय मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. त्यातील पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के पगार मिळतो. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. त्यामुळे इंदूरची, बडोद्याची आणि कोल्हापूरची शिक्षिका एकाच दिवशी रजेवर गेल्या तरी तिघींचा हिशेब सारखा असेलच असे नाही.

खासगी शाळेत पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर २६ आठवड्यांचा लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून थेट खात्यात येतो. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. वेतनचिठ्ठी पाहून हे आजच तपासा.

"खासगी शाळेला हे लागू नाही" किंवा "तुम्ही कंत्राटी आहात" असे ऐकायला मिळते. केरळने २०२० मध्ये खासगी शिक्षणसंस्थांतील शिक्षिकांनाही मातृत्व लाभाच्या कक्षेत आणले. कराराची मुदत रजेच्या काळात संपली तरी मातृत्व लाभ पूर्ण मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. मे २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका सरकारी शाळेच्या शिक्षिकेला दोन अपत्यांच्या नियमावर बोट ठेवून नाकारलेली रजा याच न्यायालयाने देववली. म्हणून तोंडी नकारावर थांबू नका. नियम लेखी मागा.

तिसरी गोष्ट : तारखेचा हिशेब

समजा, एका खासगी शाळेतील शिक्षिकेला मूळ पगार व महागाई भत्ता मिळून दरमहा २४,००० रुपये मिळतात. हे तिचे पहिले बाळ. अपेक्षित तारीख १५ ऑक्टोबर. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, आणि यात रविवार व सुट्ट्याही मोजल्या जातात.

• आठ आठवडे आधी थांबली : रजा २० ऑगस्टपासून, १७ फेब्रुवारीपर्यंत. कामावर परतताना बाळ चार महिन्यांचे.
• चार आठवडे आधी थांबली : रजा १७ सप्टेंबरपासून, १७ मार्चपर्यंत. बाळ पाच महिन्यांचे.
• दोन आठवडे आधी थांबली : रजा १ ऑक्टोबरपासून, ३१ मार्चपर्यंत. बाळ साडेपाच महिन्यांचे.

तिन्हींत मिळणारी रक्कम साधारण सारखीच, ढोबळमानाने सहा महिन्यांचा पगार म्हणजे १,४४,००० रुपये. फरक पडतो तो बाळाजवळ राहण्याच्या दिवसांत. आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या आठवड्यांतून वजा होतो. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात. त्यामुळे नंतरच्या प्रत्येक आठवड्याला मोल आहे. मात्र हे दिवस वाचवण्यासाठी तब्येत ओढू नये. शेवटच्या महिन्यात पाय सुजत असतील, प्रवास झेपत नसेल, तर चार आठवडे आधी थांबणे हाही चांगला हिशेब आहे.

माहेरी सातव्या महिन्यात जायचे असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. आठ आठवडे आधी म्हणजे गरोदरपणाचे ३२ आठवडे पूर्ण झाल्यावर. तेव्हा आठवा महिना चालू असतो. त्याआधीचे दिवस प्रसूती रजेत बसत नाहीत. ते अर्जित, वैद्यकीय किंवा बिनपगारी रजेतून घ्यावे लागतात. शिल्लक रजा किती आहे ते कार्यालयातून आधी पाहून घ्या.

अपेक्षित तारीख उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीजवळ येत असेल, तर सुट्टीला जोडून रजा घेता येते का आणि सुट्टीचे दिवस रजेत धरले जातात का, हे दोन्ही प्रश्न लेखी विचारा. उत्तर अनुकूल असेल तर काही आठवडे वाचतात.

राजीनाम्याची किंमत

"एवढी कटकट नको, राजीनामाच देते" असे वाटणे स्वाभाविक आहे. पण सही करण्याआधी वरच्या शिक्षिकेचा हिशेब पाहा. तिच्या कायम नोकरीला चार वर्षे दोन महिने झाली आहेत, असे धरू.

रजेआधी राजीनामा दिला तर साधारण १,४४,००० रुपयांचा रजेचा पगार जातो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते. शिक्षकांनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, आणि २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा सलग सेवेत धरली जाते. पाच वर्षे पूर्ण झाली असती तर पगार २४,००० × १५ ÷ २६ × ५ या सूत्राने सुमारे ६९,२०० रुपये झाले असते. म्हणजे काही महिने आधी दिलेल्या राजीनाम्यात दोन लाखांहून अधिक रक्कम सुटते. भविष्य निर्वाह निधीत संस्थेकडून येणारा हिस्साही त्याच दिवशी थांबतो. पुन्हा नोकरी लागली तर सेवा शून्यापासून मोजली जाते.

नोकरी सोडायचीच असेल तर तो निर्णय रजा संपत आल्यावर, बाळाकडे आणि घराकडे पाहून घ्या. आज घेतलेली रजा उद्याचा राजीनामा अडवत नाही. राजीनामा मात्र रजेचे दार बंद करतो. प्रसूती रजेवर असताना त्या कारणाने नोकरीवरून काढणे बेकायदेशीर आहे. कोणी राजीनामा लिहून मागितला तर सही न करता कामगार विभागाकडे तक्रार करता येते.

हेही लक्षात ठेवा: पगारी प्रसूती रजेत दुसऱ्या संस्थेत किंवा कोचिंग क्लासमध्ये नोकरी केली तर त्या काळाचा लाभ जाऊ शकतो.

शिल्लक किती हवी?

कायदा ४८ तास म्हणत असला तरी कागद अडकतात, मंजुरी लांबते. म्हणून दोन महिने पगार आला नाही तरी घर चालेल अशी तयारी ठेवावी. आपल्या शिक्षिकेचे उदाहरण पुढे नेऊ. ती पगारातले १८,००० रुपये घरखर्चाला देते आणि ६,००० वाचवते.

• पगार लांबल्यास दोन महिन्यांचा घरखर्च : ३६,०००
• दवाखान्यातील तिच्या वाट्याचा खर्च : ३५,०००
• लागल्यास एक महिना बिनपगारी रजा : १८,०००
• एकूण : ८९,०००

तिच्याकडे ५३,००० रुपयांची मुदत ठेव आहे. उरले ३६,०००. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत दरमहा ६,००० बाजूला टाकले की रक्कम पूर्ण होते. हे पैसे गरज पडताच हाती येतील अशा ठिकाणी ठेवा: बचत खाते किंवा बँकेतील कमी मुदतीची ठेव. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते. ती चांगली योजना आहे, पण या कामासाठी नाही. गरोदरपणात नवी आरोग्य विमा पॉलिसी घेतली तर प्रतीक्षाकाळामुळे याच बाळंतपणाचा खर्च सहसा मिळत नाही. जुन्या पॉलिसीत प्रसूतीचा खर्च धरला आहे का ते वाचून पाहा.

रक्कम कमी पडली तर आधी पुढे ढकलता येणारे खर्च ढकला. तरीही गरज राहिली तर ठेव मोडण्याआधी ठेवीवरील कर्जाची चौकशी करा. ते वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडते.

कागद तयार ठेवा

१. डॉक्टरांचा अपेक्षित तारखेचा दाखला आणि त्याच्या दोन प्रती.
२. रजेचा अर्ज: कोणत्या तारखेपासून रजा हवी आणि पैसे कोणाच्या नावे जमा व्हावेत हे त्यात लिहा.
३. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का.
४. मागील तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या. रजेचा पगार याच महिन्यांच्या सरासरीवर ठरतो.
५. बाळंतपण अर्ज देण्याआधीच झाले तरी घाबरू नका. त्यानंतर शक्य तितक्या लवकर अर्ज देता येतो.

स्वाध्याय

१. आपल्या अपेक्षित तारखेतून ८, ४ आणि २ आठवडे वजा करा. प्रत्येक तारखेपासून १८२ दिवस मोजून परतण्याची तारीख लिहा. सरकारी सेवेत असाल तर १८० दिवस मोजा.
२. त्या तीन तारखांसमोर डॉक्टरांचे मत लिहा. त्यांनी नाकारलेली तारीख खोडा.
३. दोन महिन्यांचा घरखर्च, दवाखाना आणि बिनपगारी रजा यांची बेरीज करा. त्यातून आजची शिल्लक वजा करून उरलेल्या महिन्यांनी भागा.
४. नोकरीला पाच वर्षे कधी पूर्ण होतात? ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

हा कागद घरातल्या सर्वांसमोर ठेवा. सल्ला देणाऱ्यांनाही आकडे दिसले की बोलणे सोपे होते, आणि ठरलेली तारीख सगळ्यांची होते.