वर्गाच्या ग्रुपवरचा छळ

प्रश्न : नववीतल्या माझ्या मुलीला वर्गातली मुलं ग्रुपवर रोज घाणेरडं बोलतात, धमकावतात. ‘कलम ६६अ रद्द झालंय, काहीही लिहू शकतो,’ म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : ताई, हे अर्धंच खरं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या याच कलमाखाली पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या साध्या मतासाठी अटक झाली होती. हे संदिग्ध कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, ते योग्यच झालं. पण धमकी, पाठलाग, बदनामी, तोतया खातं यांवरची कलमं कायम आहेत. स्क्रीनशॉट जपा, मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या. तरी थांबलं नाही तर सायबर पोलिसांकडे जा. मुलीचा मोबाइल मात्र काढून घेऊ नका. शिक्षा आपल्यालाच झाली असं तिला वाटेल आणि पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही.