वाटी नको, द्रोण दे

पोरी, परवा फोनवर तू आजीच्या अंबाडीच्या भाजीबद्दल विचारलंस. भाजी सांगतेच, पण तुझ्या आजीचं काही सांगायचं म्हटलं की आधी द्रोण सांगावा लागतो.

दारव्ह्याच्या घरी माजघरातल्या कोनाड्यात पळसाच्या द्रोणांची चवड असायची. दुपारी सगळे लवंडले की आई पानं घेऊन बसायची आणि कडुनिंबाच्या काड्यांनी ती टाचायची. घरात पितळेच्या वाट्या ढीगभर होत्या. पण गल्लीत कुणाकडे भाजी, वरण, सणाची पुरणपोळी पाठवायची तर ती द्रोणातच. मी लहान होते, मला वाटायचं ही वाट्या जपते. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "येडी का व तू? वाटी देली का ते बाई वाटी भरूनच वापस करते. तिच्या घरी भरायले काही नसलं मंग?"

आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हा रिवाज तुला ठाऊक आहे. पण तोच रिवाज गरिबाच्या गळ्यात कसा अडकतो, हे मला त्या दिवशी कळलं. तुला पुण्यात पळस कुठला मिळायचा! आइस्क्रीमचा रिकामा डबा घे आणि देतानाच सांग, डबा परत नको, घरात फार झालेत.

आई मूळची कारंज्याची. लग्न होऊन शकुंतलेतून आली, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या त्या अरुंद रुळांच्या गाडीतून. आता ती गाडी बंद आहे. माहेरून आणलेल्या भांड्यांत एक पितळी डबा होता, तो तिने मुठीचा डबा केला. रोज भाकरीचं पीठ परातीत घ्यायच्या आधी एक मूठ त्यात टाकायची. हिशेब करून बघ : मुठीत पन्नासेक ग्रॅम धरलं तरी महिन्याला दीड किलो. हे पीठ घरच्या वाट्याचं नाहीच, असं आधीच ठरलेलं. त्यामुळे दारात कुणी आलं की "आपल्याला पुरेल का" हा विचार तिला करावाच लागायचा नाही. लोक म्हणत, बाईचा हात सैल आहे. मी सांगते, इतका पक्का हात मी दुसरा पाहिला नाही. सढळपणा तिच्या स्वभावात होताच, पण तो टिकला तो या डब्यामुळे. पीठ जुनं होऊ द्यायचं नाही. आठवड्याला डबा रिकामा झालाच पाहिजे.

आता तुरीची डाळ. मे महिन्यातच भरून ठेव. दोन दिवस कडक ऊन दे, पण उन्हातून उचलून थेट डब्यात भरू नकोस. गरम डाळीला डब्यात घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर कापडावर पसरून गार होऊ दे. मग किलोला चमचाभर एरंडेल दोन्ही हातांनी चोळ, दाण्यादाण्याला लागेल असं. शिजवण्याआधी गरम पाण्याने धुतलं की तेल निघतं.

अंबाडीची पानं उकळून पहिलं पाणी फेक, नाहीतर आंबटपणाने दात शिवशिवतील. तुरीची डाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवून पानांबरोबर घोट. वरून लसणाची चरचरीत फोडणी. ही भाजी पातळ करायची नाही. सांभार घालायचा नाही. (हॉटेलातला नव्हे गं, आपला सांभार. तुमच्याकडची कोथिंबीर.)

कापसाच्या दिवसांत आई वेगळीच असायची. पहिल्या वेचणीला शेतात दहीभाताचा नैवेद्य, सीतादही, ते झालं की दुसरं काम वजनाचं. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. काटा त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि पैसे त्याच संध्याकाळी. उद्यावर ढकललेली मजुरी म्हणजे त्यांच्या घरची आजची चूल, असं ती वडिलांना ऐकवायची. तुझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला दे. त्यांना मागावा लागू देऊ नकोस.

एक गोष्ट जपून ठेव. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरं बसली, हे तुला माहीत आहे. 2006 साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळही होतं. आई अशा घरी जायची, पण तेरवी झाल्यावर. "तेरा दिवस गाव असते व. चवदाव्या दिवशी कोण असते?" पिशवीत चहापत्ती, साखर, तेल, मीठ, म्हणजे दुकानात उधार मागताना लाज वाटते त्या वस्तू. कसं झालं, का केलं, असं एक अक्षर विचारायची नाही. बसायची, तांदूळ निवडायची, लेकरांच्या वेण्या घालायची आणि उठायची. 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. त्या स्वतः अशाच घरातल्या. आई टीव्हीसमोर बसून सगळं ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बोलू देलं, बरं केलं."

आता तिचं एक घेऊ नकोस. ती सगळ्यांच्या मागून जेवायची. उरलं तर भाजी, नाहीतर तव्यावरची करपलेली भाकरी आणि तिखट. आम्हाला ते मोठेपण वाटायचं. पन्नाशीत चक्कर येऊन पडली तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आम्हा भावंडांवर ओरडले. घरभर वाढणाऱ्या बाईच्या ताटात काय आहे, हे आम्ही कुणी वाकून बघितलं नव्हतं. याचा राग मला तिच्यावर आहे आणि स्वतःवर जास्त आहे. तू पहिल्या पंगतीला बस. नवऱ्यालाही वाढता येतं.

पितळी डबा तुझ्या बाबांबरोबर पाठवते आहे. आत चिंच घासून ठेवलाय, पण वापरण्याआधी एकदा धुऊन कोरडा कर. झाकण जरा आवळ बसतं. वर ओढू नकोस, डावीकडे फिरवून उघड.