“मी त्याला जाऊच का दिलं?”

जुलै २०१५. मुंबईच्या जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या खड्ड्याने दुचाकीवरून जाणाऱ्या १६ वर्षांच्या प्रकाश बिल्होरेचा बळी घेतला. त्याचे वडील दादाराव भाजीविक्रेते. पुढे त्यांनी डबर गोळा करून शहरातले शेकडो खड्डे स्वतःच्या हाताने बुजवले. दुःखाला असे काम सापडले तर आधार होतो. पण ते प्रत्येक आईबापाला सापडेलच असे नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये.

अपघातात निरोपाची संधीच मिळत नाही. मग मन मागे मागे धावते. गाडी घेऊन दिली नसती तर? पाच मिनिटे थांबवले असते तर? “त्याची वेळच आली होती” या वाक्याने ही उजळणी थांबत नाही. नातलगांनी समजूत घालण्याआधी ऐकून घ्यावे, मुलाचे नाव मोकळेपणाने घ्यावे.

हा घाव जिवावरही बेततो. डेन्मार्कमधल्या मूल गमावलेल्या २१,०६२ पालकांचा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. या आयांना आत्महत्या, अपघात अशा अनैसर्गिक मृत्यूचा धोका पहिल्या तीन वर्षांत इतर आयांच्या जवळपास चौपट होता. हाच काळ सर्वाधिक धोक्याचा.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, तेव्हाच खरी सोबत लागते. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या चुकत नाहीत ना, दोन घास पोटात जातात ना, हे कुणीतरी पाहावे. छातीत दुखले तर ‘दुःखामुळे असेल’ म्हणून घरी थांबू नये. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दारूने झोप बिघडते आणि उदासी वाढते.

आई रडते आणि बाप गप्प कामाला लागतो, म्हणून त्याला दुःख नाही असे नव्हे. हा गैरसमज जोडप्यांना तोडतो. नुकसानभरपाईच्या दाव्यात प्रत्येक तारखेला तोच प्रसंग पुन्हा उगाळला जातो. तिथे एकट्याने जाऊ नये. घरातल्या दुसऱ्या मुलाला खरे काय ते सांगावे, त्याच्या शाळेलाही कळवावे.

शोकाला मुदत नसते. मात्र वर्ष उलटूनही रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘आपणही आता जगू नये’ असा विचार मनात आला, तर एक दिवसही थांबू नये: १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही.