पोळा, पाडवा आणि भय

आरमोरीच्या आसपास भाताची रोवणी आटोपली आणि वैनगंगा गढूळ होऊन वाहूं लागली, म्हणजे श्रावणी अमावास्या जवळ आली असें समजावें. त्या दिवशीं पोळा. दुसऱ्या दिवशीं पाडवा, म्हणजेच मुलांचा तान्हा पोळा आणि मारबत. याच सुमारास ख्रिस्ती घरांतील मुलें आईबापांस विचारितात, 'आम्हीं पोळा पाहावयास जावें कीं नाहीं?' कांहीं घरांत उत्तर मिळतें, 'जा, त्यांत काय बिघडलें?' कांहीं घरांत मिळतें, 'तो सैतानाचा दिवस आहे. दार लावून आंत बसा.' आमच्या मतें दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत. पहिल्यांत विचार नाहीं, आणि दुसऱ्यांत विचाराच्या जागीं भीति आहे. या पाठांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें मुख्यतः या भीतीविषयींच आहे.

प्रथम पोळा काय आहे तें पाहूं. आदल्या सायंकाळीं बैलांचे खांदे तूप व हळद लावून शेकतात. कारण चिखलणीच्या दिवसांत जुवाखालीं ते सोलून निघालेले असतात. सकाळीं बैलांस धुतात, शिंगें रंगवितात, पाठीवर झूल घालतात, आणि त्या दिवशीं मानेवर जूं ठेवीत नाहींत. (हल्लीं चिखलणी पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरनें होते व बैलजोड्या कमी झाल्या आहेत, तरी पोळा भरतोच.) ज्या प्राण्यास बोलतां येत नाहीं त्याचे उपकार वर्षांतून एक दिवस तरी आठवावे, ही रीत कोणत्याही धर्माच्या शेतकऱ्यास शोभणारी आहे. पवित्र शास्त्र याविषयीं मुकें नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत शब्बाथाचा विसांवा धन्याबरोबर त्याच्या बैलासही दिला आहे. आणि अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायांत, मळणीस जुंपलेल्या बैलाचें तोंड बांधून त्यास दाण्यापासून दूर ठेवण्याची मनाई केली आहे. पौलानें हाच नियम करिंथकरांस लिहितांना पुढें उपयोगांत आणिला. तेव्हां ख्रिस्ती शेतकऱ्यानें त्या दिवशीं आपले बैल धुवावे, त्यांस पोटभर चारावें, आणि ज्यानें बैल दिले त्या देवाचे आभार मानावे. बैलास ओंवाळणें व त्याची पूजा करणें हें मात्र त्यास करितां येणार नाहीं, कारण उपकार मानणें निराळें आणि निर्मितीस निर्माणकर्त्याच्या जागीं बसविणें निराळें. मैदानांत तोरणाखालीं उभें राहून झडत्या ऐकण्यास व हंसण्यास मात्र आम्हांस कांहींच प्रत्यवाय दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, दिवसच वाईट आहे, अमावास्या आहे. परंतु ज्या लोकांत अमावास्येस प्रवासास निघूं नये असें म्हणतात, त्यांच्यांतच शेतकऱ्याचा सर्वांत आनंदाचा दिवस अमावास्येस येतो, आणि दिवाळींतील लक्ष्मीपूजनही अमावास्येसच होतें! चंद्राची प्रकाशित बाजू त्या रात्रीं आपल्याकडे नसते, इतकेंच काय तें. आपण वहीवर 'शनिवार' व 'मंगळवार' लिहितों; तेवढ्यानें शनीची उपासना होत नाहीं. 'जानेवारी' हें नांव जेनस नामक रोमी देवावरून पडलें. म्हणून कोणी शाळेची हजेरी त्या महिन्यांत थांबवीत नाहीं. पंधरा ऑगस्ट व सव्वीस जानेवारी हे तर राष्ट्राचे दिवस. त्यांविषयीं शंकेस जागाच नाहीं. दिवसांविषयीं पौलानें रोमकरांस असें समजाविलें कीं, एकजण एक दिवस विशेष मानितो, दुसरा सर्व दिवस सारखे मानितो. दोघांनींही एकमेकांचा न्याय करूं नये.

शेजारच्या घरून पोळ्याचें ताट आलें तर काय करावें? करिंथ येथील मंडळीपुढें हाच प्रश्न होता. बाजारांतलें मांस बहुधा मूर्तीपुढून आलेलें असे. प्रेषितानें त्यांस सांगितलें तें थोडक्यांत असें, कीं मूर्तींत सामर्थ्य नाहीं, म्हणून चौकशी न करितां खावें; पण हें नैवेद्याचें आहे असें कोणी मुद्दाम सांगितलें, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून तें सोडावें. येथें भिऊन सोडणें नाहीं, दुसऱ्यास जपणें आहे. हा भेद ज्यास कळला त्यास बाकीचें फारसें शिकवावें लागत नाहीं.

आतां पाडव्याकडे वळूं. नागपुरांत काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघते असें सांगतात. तिच्याबरोबर बडगे निघतात आणि त्यांत लांचखाऊ व महागाई करणारे यांची यथेच्छ टर उडविली जाते. खेड्यांत पळसाच्या डहाळ्या घरांतून फिरवितात. खोकला, पडसें, ढेकूण, डास या साऱ्यांस घेऊन जा, असें मारबतीस ओरडून सांगतात आणि शिवेबाहेर टाकितात. याची थट्टा करण्यापूर्वीं लेवीयाचा सोळावा अध्याय वाचावा. तेथें इस्राएलाचीं पापें डोक्यावर ठेवून एक बकरा अरण्यांत सोडिलेला आपणांस दिसेल. वाईट तें आपल्यांतून निघून दूर जावें, ही मनुष्याच्या मनाची तळमळ फार जुनी व खरी आहे. ख्रिस्ती मनुष्याचा विश्वास असा कीं, ती तळमळ ख्रिस्ताच्या वधस्तंभावर एकदाच आणि कायमची भागली. म्हणून दरवर्षीं नवा पुतळा शिवेबाहेर नेण्याचें त्यास कारण उरलें नाहीं. आणि त्या यादींतील डासाविषयीं बोलावयाचें, तर गांवकऱ्यांनीं शत्रु बरोबर ओळखला होता! २० ऑगस्ट १८९७ रोजीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डासाच्या पोटांत हिंवतापाचे जंतू पाहिले. गडचिरोली जिल्ह्यास हा ताप किती छळितो तें येथील कोणत्याही आईस ठाऊक आहे. मात्र डास पळसाच्या फांदीनें शिवेबाहेर जात नाहीं. त्यास मच्छरदाणी, फवारणी व वेळेवर केलेली रक्ततपासणी लागते.

येथवर कोणाचें नुकसान झालें नाहीं. नुकसान पुढें होतें. ताप डोक्यांत चढून मूल बरळूं लागतें, दोन दिवसांत घरांत मृत्यु होतो, आणि कागदाच्या मारबतीनें मनाचें समाधान होत नाहीं. मग मन हाडामांसाची मारबत शोधूं लागतें. बहुधा ती एखादी वृद्ध स्त्री असते, विधवा असते, किंवा जिच्यामागें बोलणारा कोणी नाहीं अशी असते. ऑगस्ट २०२१ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांत, जिवती तालुक्यांतील वणी खुर्द येथें जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांस भर चौकांत बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मे २०२४ मध्यें आपल्याच जिल्ह्यांत, एटापल्ली तालुक्यांतील बारसेवाडा येथें एका स्त्रीस व एका पुरुषास याच संशयावरून जाळून मारण्यांत आलें.

हें अज्ञानी लोकांचें काम, आपलें नव्हे, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणूं नये. १६९२ सालीं अमेरिकेंतील सेलम गांवीं चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसें फांसावर चढविलीं. चढविणारे रोज बायबल वाचणारे होते. पांच वर्षांनीं त्यांतील एक न्यायाधीश सॅम्युएल सीवल यांनीं मंदिरांत सर्वांसमक्ष उभें राहून आपला दोष पदरीं घेतला. मेलेलीं माणसें परत आलीं नाहींत. आजही प्रार्थना करणारा एखादा मनुष्य आजाऱ्याच्या उशाशीं बसून अमुक शेजारणीची बाधा आहे असें सुचवूं लागला, तर त्याच्या हातांत कोणतेंही पुस्तक असो, त्याचें काम मांत्रिकाचेंच होय. मलिता बेटावर पौलाच्या हातास साप डसला तेव्हां तेथील लोकांनीं प्रथम त्यास खुनी ठरविलें, आणि बराच वेळ वाट पाहूनही तो सुजून पडत नाहीं असें दिसतांच देव ठरविलें. पौलानें दोन्ही मतांकडे लक्ष न देतां साप विस्तवांत झटकला, आणि पुढें त्या बेटावरील आजाऱ्यांची सेवा केली.

पालकांनीं एवढें तरी जाणून असावें कीं, महाराष्ट्रांत २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं अनेक वर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारनें वटहुकूम काढिला. कोणी करणी करितो असें म्हणून त्यास छळणें, अथवा साप चावलेल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्र घालीत बसणें, हे या कायद्यानें गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. विहिरीवर किंवा पारावर कोणाचें नांव असें कुजबुजलें जात असलें, तर मुलांनीं तें घरीं व शिक्षकांस सांगावें आणि मोठ्यांनीं पोलिसांस कळवावें. मारहाण होईपर्यंत वाट पाहूं नये. आणि पोळ्याच्या दिवशीं गांवांतील ज्या घरीं कोणी ताट पाठवीत नाहीं, तेथें आपल्या घरून एक पाठवावें. तें मुलांच्याच हातीं द्यावें.