आईची मांडी आणि मोटारीचा वेग

लहान मूल सर्वांत सुरक्षित कोठे असते, असा प्रश्न केल्यास आपल्यापैकी बहुतेक जण ‘आईच्या मांडीवर’ असेच उत्तर देतील. घरात आणि अंगणात ते खरेही आहे. धावत्या मोटारीत मात्र ते खरे ठरत नाही. तेथे माया उणी पडते असे नव्हे. हातांचे बळ उणे पडते.

आपल्या मोहगावातून सौसरमार्गे नागपूरला लग्नास किंवा दवाखान्यात निघालेली एखादी मोटार डोळ्यांसमोर आणा. आईच्या मांडीवर दहा किलो वजनाचे तान्हे मूल आहे. वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोरच्या ट्रकवर आदळून ही मोटार एक दशांश सेकंदात थांबली, असे समजू. नववीच्या विज्ञानात आपण जडत्वाचा नियम शिकतो. त्याप्रमाणे मोटार थांबली तरी मूल पुढेच जाऊ पाहते. त्याला थोपविण्यास सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. संत्र्यांनी भरलेल्या वीस-वीस किलोंच्या सात पेट्या एकदम झेलण्यासारखेच हे झाले! या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे ३२ फुटांवरून, तिमजली घराच्या गच्चीवरून, खाली पडणे होय. काही माता आपल्याच पट्ट्यात मुलालाही गुंडाळून घेतात. हा उपाय तर अधिकच घातक, कारण धडकेच्या वेळी आईचा सारा भार त्या कोवळ्या देहावर येतो.

मोठ्यांसाठी आज रूढ असलेला, खांदा व कंबर दोन्ही धरणारा पट्टा स्वीडनमधील अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. परंतु तो लहान मुलाच्या मानेवर किंवा मऊ पोटावर येतो. त्याच देशातील बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये मुलांसाठी निराळ्याच आसनाची चाचणी घेतली. अवकाशवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, यावरून त्यांना ही कल्पना सुचली. या आसनात मुलाचे तोंड मोटारीच्या मागील बाजूस असते. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार जड आणि मान फार नाजूक. तोंड मागे असल्यास धक्का पाठीवर पसरतो, मानेवर एकवटत नाही. बाजारात ज्यास चाइल्ड सीट म्हणतात, ते हेच. ते मागील बाकावर घट्ट बसवावे. पुढील आसनासमोर हवेची पिशवी असेल, तर तोंड मागे असलेले आसन तेथे कदापि ठेवू नये. मूल वाढले की तोंड पुढे असलेले आसन, त्यानंतर उंची वाढविणारी बैठक. उंची सुमारे पावणेपाच फूट झाल्यावरच मोठ्यांचा पट्टा अंगाला नीट बसतो. आसनाचा पट्टा मुलाच्या खांद्यावर चिमटीत धरता येत असेल, तर तो सैल आहे असे समजावे.

मागे बसणाऱ्यास पट्टा कशाला, असे अनेकांना वाटते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी दगावले. पोलिसांच्या सांगण्यानुसार मागे बसलेल्या या दोघांनीही पट्टे बांधलेले नव्हते. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मोटार तर अत्यंत महागडी होती.

२०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याविना किंवा योग्य आसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. म्हणजे आमच्या शाळेतील सहावी-सातवीचे विद्यार्थीही यात आलेच. आसन महाग असते, हे खरे. पण नव्या मोटारीला चकचकीत आवरणे आणि गाणी लावण्याची यंत्रे घेणाऱ्यांनी तरी ही सबब सांगू नये.

आता आपल्या गल्लीकडे वळू. येथे मोटारींपेक्षा मोटारसायकलीच अधिक, आणि टाकीवर बसविलेले मूल हे नित्याचेच दृश्य. २०२२ मध्ये जाहीर होऊन फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला नियम असा आहे : चार वर्षांखालील मुलास चालकाच्या अंगाशी जोडणारा, ३० किलो भार पेलणारा पट्टा बांधावा, नऊ महिन्यांपुढील मुलाच्या डोक्यावर मापाचे हेल्मेट असावे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. बाजाराच्या दिवशी धाकट्या भावंडाला घेऊन बाबांबरोबर निघताना त्याचा पट्टा तपासण्याचे काम घरातील शाळकरी मुलामुलींना सहज करता येईल.