आधी कोणी दाबलं?

अगं, शाळेच्या प्रश्नमंजूषेसाठी बिनतारी बझर करतेयस असं कळलं आणि राहवेना, म्हणून लिहितेय. मी पहिला संच केला तेव्हा घरी चारही बझर शहाण्यासारखे चालले. गिरगावातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मात्र दिवा पुढच्या गटाचा लागला, आणि शेवटच्या बाकावरची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, मी आधी दाबलं होतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते डोळे अजून आठवतात.

ज्याचा निरोप आधी पोचेल तो पहिला, असं मी धरलं होतं. तिथेच चुकलं. दोन निरोप एकाच क्षणी हवेत निघाले की एकमेकांत मिसळून दोन्ही वाया जातात. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी अलोहा हे रेडिओ जाळं सुरू केलं, तेव्हाही हेच दुखणं होतं. त्यांचा उपाय आजही चालतो: प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. निरोप पोचतो खरा, पण ज्याच्या वाट्याला जास्त थांबणं आलं, तो आधी दाबूनही मागे पडतो.

म्हणून बझरने नुसतं 'दाबलं' असं सांगू नये. 'दाबून इतके मायक्रोसेकंद झाले' असं सांगावं. मुख्य यंत्राने निरोप पोचल्याच्या वेळेतून तेवढे वजा केले की दाबल्याचा खरा क्षण मिळतो. सगळ्यांची घड्याळं जुळवत बसायला नको. आता नीट ऐक, इथे मी दोन रात्री अडकले होते. बझरमधली एनआरएफ२४एल०१ ही रेडिओ चिप पोच आली नाही तर तोच निरोप आपणहून पुन्हा धाडते, १५ वेळांपर्यंत. आतला आकडा मात्र जुनाच राहतो. ती सोय बंद कर आणि दर खेपेला आकडा नव्याने मोजून भर. पहिला निरोप आला की लगेच दिवाही लावू नकोस, ५० मिलिसेकंद थांब. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो, कुणाला कळणारही नाही. तेवढ्यात वाटेत रखडलेला निरोप येऊन पोचतो.

चिपचा चॅनेल ७६ ते ८० मधला घे, म्हणजे वायफायच्या नेहमीच्या १, ६, ११ पासून बाजूला राहशील. लॅमिंग्टन रोडला या चिपचं मॉड्यूल घ्यायला जाशील तेव्हा १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटरही आण आणि मॉड्यूलच्या पिनांना अगदी खेटून सोल्डर कर. वीज ३.३ व्होल्टच दे. ५ दिलीस तर चिप गेलीच.

आणि घरच्या चाचणीवर विसंबू नकोस गं. माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, सगळ्यांचे मोबाइल चालू असताना, एकच बटण दोन बझरना जोड आणि शंभर वेळा दाब. दोघांच्या वेळेतला फरक दर वेळी एका मिलिसेकंदाच्या आत आला, तरच संच शाळेच्या हाती दे.